मदत हवी आहे: ईएन ८ पोलादाचा शाफ्ट तेलात हार्ड होत नाही, पाण्यात तडकतो

व्यास ४० मिमी, कार्बन साधारण ०.४ टक्के. ८५० अंशांना ४५ मिनिटं ठेवून तेलात क्वेंच केला (बुडवून झटकन थंड केला), हार्डनेस जेमतेम २६ एचआरसी (रॉकवेल सी मापावर). १ मिमी घासून पुन्हा मोजला, तेवढाच. म्हणजे डीकार्ब (पृष्ठभागावरचा कार्बन कमी होणं) नसावं. तेल ढवळूनही फरक नाही. पाण्यात ५० च्या वर गेला, पण कीवेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यातून केसाएवढी बारीक भेग.

तेलातला तुकडा कापून, आतली रचना दिसावी म्हणून नायटलने (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण) एच केला. मार्टेन्साइट (क्वेंचने मिळणारी कठीण रचना) जवळपास नाहीच. काळपट परलाइट (मार्टेन्साइटपेक्षा मऊ रचना) आणि त्याभोवती फेराइटची (जवळपास कार्बन नसलेलं मऊ लोखंड) पांढरी जाळी, फरशीच्या सांध्यांसारखी.

मटेरियल बदलता येणार नाही, कीवेचे कोपरे गोल करता येतील. ही जाळी थंड होताना तयार झाली, की फेराइट भट्टीतच विरघळायचं राहिलं, हे सूक्ष्मदर्शकाखाली कसं ओळखायचं? आणि पॉलिमर क्वेंचने (पॉलिमर मिसळलेल्या पाण्यात थंड करून) भेगेशिवाय ४५ एचआरसी मिळेल का?