जुन्या सिम्युलेटरच्या मूळ डिस्क आणि विंडोज ११: फॉरमॅट मारण्याआधी काय करावं?

धावपट्टी_२७
पीसी बदलायचा आहे, नव्यावर विंडोज ११ असेल. जुन्या विंडोज ७ च्या मशीनवर फ्लाइट सिम्युलेटर २००४ (चार सीडींचा संच), फ्लाइट सिम्युलेटर एक्स (एफएसएक्स) डिलक्स आणि त्यावर त्याचीच पुरवणी अ‍ॅक्सिलरेशन आहे. सगळ्या डिस्क विकत घेतलेल्या, मूळ. एफएसएक्सवर तीन-चार विकतची जोड-विमानं (अ‍ॅड-ऑन) आहेत, प्रत्येकाची अ‍ॅक्टिव्हेशनची तऱ्हा निराळी. शिवाय डीसीएस वर्ल्ड या लढाऊ सिम्युलेटरचं ब्लॅक शार्क २ हेलिकॉप्टर, तेही जुन्या सीरियल क्रमांकाचं. जुनं मशीन पुसण्याआधी काय करून ठेवावं आणि यातलं काय नव्यावर चालणारच नाही? क्रॅक नको आहे.

सह्याद्री_व्हीएफआर
एफएस २००४ साठी एकच सल्ला: ते मशीन पुसूच नका.

या गेमच्या डिस्कवर नक्कल रोखणारं सेफडिस्क संरक्षण आहे. खेळ सुरू होताना सीडी क्रमांक ४ मूळ आहे का, हे तपासायला विंडोजच्या गाभ्यात चालणारा ‘सेकड्राइव्ह’ नावाचा ड्रायव्हर लागतो. एक्सपीपासून ८.१ पर्यंत तो विंडोजसोबतच यायचा. गाभ्यातला ड्रायव्हर म्हणजे त्यातलं भोक सगळ्या मशीनचं भोक. डिसेंबर २००७ मध्ये एक्सपीसाठी त्याची सुरक्षा दुरुस्ती जारी करावी लागली होती. विंडोज १० मध्ये तो दिलाच नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने (केबी ३०८६२५५) व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ वरही तो बंद केला. म्हणून विंडोज ११ वर एफएस २००४ इन्स्टॉल होईल, पण आयकॉन दाबल्यावर काहीच उघडणार नाही. ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ने उपयोग नाही, कारण ड्रायव्हरच जागेवर नाही. ज्याने पैसे मोजून डिस्क घेतली त्याच्यावरच हे कुलूप पडतं, हे मला अन्यायाचं वाटतं.

विंडोज ७ वर मात्र ड्रायव्हरची फाइल शिल्लक असते, फक्त सेवा बंद असते. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ‘एससी कॉन्फिग’ने सेकड्राइव्हचा स्टार्ट प्रकार ‘डिमांड’ करा, मग ‘एससी स्टार्ट’ने सेवा चालू करा. ‘स्टार्ट’ला चिकटून बरोबरचं चिन्ह आणि त्यानंतर एक मोकळी जागा हवी; ती राहिली तर कमांड नाकारली जाते. बहुतेक जण इथेच अडकतात. खेळून झालं की सेवा थांबवा आणि स्टार्ट प्रकार परत ‘डिसेबल्ड’ करा. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आहे, तेव्हा या मशीनची नेटची वायर काढूनच ठेवा.

धावपट्टी_२७
सीडी ४ ची आयएसओ (डिस्कची फाइलरूपी प्रत) करून ठेवली तर? आणि ते कायद्यात बसतं का?

फाइनल_अप्रोच
साध्या आयएसओने भागत नाही. सेफडिस्कच्या डिस्कवर काही सेक्टर मुद्दाम असे लिहिलेले असतात की सामान्य ड्राइव्हला त्यांची बिनचूक नक्कल करता येत नाही. फाइल्स सगळ्या उतरतात, मूळ असल्याची खूण उतरत नाही. काही बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवर मूळ सीडीही नापास होते, म्हणून जुन्या मशीनचा आतला ड्राइव्ह सांभाळा.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एए) वैध प्रत बाळगणाऱ्याला हरवणं-बिघडणं यापासून संरक्षण म्हणून प्रोग्रामची बॅकअप प्रत करू देतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए असं तांत्रिक संरक्षण तोडण्याला शिक्षा सांगतं (दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड), पण ‘हक्कभंगाच्या हेतूने’ हे शब्द त्यात आहेत आणि कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कामाला सूटही आहे. स्वतःच्या डिस्कची स्वतःपुरती प्रत आणि अनोळखी साइटवरची बदललेली फाइल, या एकच गोष्टी नव्हेत. दुसरीत व्हायरसचा धोका वेगळाच.

ट्रिम_टॅब
एफएसएक्सची गोष्ट सोपी आहे. खेळताना डिस्क लागत नाही, कुलूप फक्त प्रॉडक्ट की आणि अ‍ॅक्टिव्हेशनचं. क्रम मात्र पाळा: ‘प्रोग्राम फाइल्स’च्या बाहेर, सी ड्राइव्हवर सरळ एक फोल्डर करून एफएसएक्स टाका. एकदा चालू करा, एक छोटं उड्डाण करा, बंद करा. मग अ‍ॅक्सिलरेशन टाका आणि पुन्हा एकदा चालू करा. त्याची की निराळी आणि अ‍ॅक्टिव्हेशनही निराळं. सर्व्हिस पॅक १ आणि २ वेगळे टाकू नका, ते अ‍ॅक्सिलरेशनमध्ये आहेत. दोन्ही कींचे फोटो आजच काढा, पेटीवरच्या कागदाची शाई उडते.

अ‍ॅक्टिव्हेशन अडलंच तर डिसेंबर २०१४ ची स्टीम (ऑनलाइन गेम-दुकान) आवृत्ती हा सरळ मार्ग आहे. तिच्यात अ‍ॅक्सिलरेशन आहे आणि वेगळं अ‍ॅक्टिव्हेशन नाही. पण मशीनवर पेटीतल्या एफएसएक्सच्या खुणा असतील तर ती रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) स्वतःची वेगळी नोंद करते. मग अ‍ॅड-ऑनचे जुने इन्स्टॉलर जुन्याच जागेकडे जातात आणि विमान यादीत दिसत नाही. दोन्ही एकत्र ठेवू नका.

सह्याद्री_व्हीएफआर
अ‍ॅड-ऑनबद्दल. प्रत्येक विमानाच्या इन्स्टॉलरमध्ये किंवा मेनूत ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ शोधा आणि नेट चालू असताना, अनइन्स्टॉल करण्याआधी ते दाबा. मशीनची ओळख मदरबोर्ड, डिस्क, विंडोजची प्रत अशा गोष्टींवरून बनते. आधी फॉरमॅट मारला तर सर्व्हरच्या लेखी जुनं मशीन जिवंतच राहतं आणि एक अ‍ॅक्टिव्हेशन वाया जातं. इन्स्टॉलर, की आणि खरेदीची ईमेल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. अनेक अ‍ॅड-ऑन ई-सेलरेट या विक्री-अ‍ॅक्टिव्हेशन सेवेवर अवलंबून होती आणि ती २०१९ मध्ये बंद झाली. तशा विमानांसाठी निर्मात्याकडून नवा इन्स्टॉलर मागवावा लागतो, जुना पुढे सरकत नाही.

इन्स्टॉलर ‘अँटिव्हायरस बंद करा’ म्हणाला तरी पूर्ण बंद करू नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये एफएसलॅब्सच्या ए३२० च्या इन्स्टॉलरमध्ये क्रोमचे साठवलेले पासवर्ड काढणारा प्रोग्राम सापडला होता. चोरीच्या सीरियल क्रमांकावरच तो चालतो असा कंपनीचा खुलासा होता. पण फाइल प्रत्येक ग्राहकाच्या मशीनवर उतरत होती. हे मला कुठल्याही कारणाने मान्य नाही. फार तर त्या एका फोल्डरला अँटिव्हायरसच्या तपासणीतून सूट द्या.

डीसीएस: जुना सीरियल क्रमांक संकेतस्थळावरच्या तुमच्या खात्याला जोडा. स्टारफोर्स या जुन्या संरक्षणाचे दिवस गेले, आता खात्यावरून ओळख पटते आणि नेटशिवाय तीन दिवस चालतं. ‘सेव्ह्ड गेम्स’मधलं डीसीएसचं फोल्डर उचलून ठेवा, जॉयस्टिकची सगळी बटणं त्यातच आहेत.

ट्रिम_टॅब
एक राहिलं. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल आधी बदला. तो मेला की तारीख मागे जाते, सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘अवैध’ ठरतं, आणि डीअ‍ॅक्टिव्हेशन नेट असूनही ‘कनेक्शन नाही’ म्हणून अडतं. तारीख बरोबर करून मगच डीअ‍ॅक्टिव्हेशनला बसा.