शेअर विकून परत तेच घेतले तर टॅक्स कसा बसतो?

फोंडेकर_७२
नमस्कार मंडळी, २०२१ मध्ये एका कंपनीचे ५०० शेअर ३०० च्या भावाने घेतलेले, आता ६२० चालू आहे, म्हणजे १ लाख ६० हजार फायदा दिसतोय. कंपनी सोडायची नाहीये, पण ३१ मार्चच्या आत विकून परत घेतले तर वर्षभराहून जास्त ठेवलेल्या शेअरच्या फायद्यावर (लाँग टर्म) दरवर्षी मिळणारी सव्वा लाखाची सूट वापरली जाते असं ऐकलं. मग वरच्या ३५ हजारांवर टॅक्स भरू की कमी विकू? यूट्यूबवर एक जण सांगतो परत घ्यायला ३० दिवस थांबा. आणि आठ महिन्यांमागे याच कंपनीचे आणखी २०० घेतलेत ५४० ने, ते मध्ये येतील काय? लग्न इथंच गोव्यात रजिस्टर झालंय, बायको घरीच असते, तिची थोडी एफडी आहे, शेअर नाहीत.

मडगावकर
३० दिवसांचं ते अमेरिकेतलं, आणि तेही तोट्यात विकलं तरच. भारतात तसा नियम नाही. पण एकाच दिवशी एकाच एक्सचेंजवर विकून परत घेऊ नका हां, तो सौदा इंट्राडे (त्याच दिवसात मिटलेला) धरतात, जुने शेअर डिमॅटमधून (शेअर ठेवायच्या खात्यातून) हलतच नाहीत आणि सगळा खटाटोप फुकट. आज विका, उद्या घ्या. रात्रीत भाव वर गेला तर तेवढी जोखीम आहेच. २०० ची काळजी नको, एका डिमॅटमध्ये जे आधी आले तेच आधी विकले असं धरतात, म्हणजे तुमचे २०२१ चेच जातील.

सांखळीची_ताई
भाऊ, तुम्ही गोव्याचे आणि सगळा हिशोब एकट्याच्याच नावावर का करताय? लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार केला नसेल तर आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि इन्कम टॅक्सचं कलम ५ए म्हणतं की पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न दोघांत अर्धं अर्धं. शेअरचा फायदासुद्धा! तुमचे ८० हजार, वहिनींचे ८० हजार, दोघेही सव्वा लाखाच्या आत, म्हणजे ५०० च्या ५०० विकले तरी लाँग टर्मवर टॅक्स शून्य. बाहेरच्या सीएंना हे पुष्कळदा माहीतच नसतं, म्हणून कळकळीने सांगते, रिटर्न भरायच्या आधी विचाराच. मात्र एफडीचं व्याजही तसंच वाटलं जातं, फक्त फायद्याचं तेवढं उचलता येत नाही.

फोंडेकर_७२
करार वगैरे काही नाही, हे खरंच कोणी सांगितलं नव्हतं ताई, देव बरें करूं. मग परत घेतलेल्यांचं काय, ते जुनेच धरतात का?

मडगावकर
नाही, ते नवे. ६२० ला मिळाले तर खरेदी ६२० ची आणि १२ महिने परत पहिल्यापासून मोजायचे, त्याच्या आत विकले तर शॉर्ट टर्म, २०% (२३ जुलै २०२४ च्या आधी १५ होता). लाँग टर्मला सूट सोडून वरच्यावर १२.५%. म्हणून वर्षभरात पैशांची गरज पडणार असेल तर हे करू नका. आणि विकताना-घेताना दोन्हीकडे ०.१% एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर), म्हणजे तुमच्या ३ लाख १० हजारांवर ३१०-३१० रुपये, वर ब्रोकरेज.

सांखळीची_ताई
आणि रिटर्नचा आयटीआर-१ फॉर्म भरू नका, ५ए वाल्यांना तो चालत नाही. आयटीआर-२ घ्या, त्यात ५ए चं वेगळं शेड्यूल आहे, तिथं वहिनींचा पॅन घालायचा आणि वाटणी दाखवायची. वहिनींच्या रिटर्नमध्येही तोच आकडा यायला हवा.