एसटीची चाकं चपटी का आली?

लोकरवेडी:
भाच्याला एसटीचं भयंकर वेड, म्हणून त्याच्या स्वेटरसाठी कॉम्प्युटरवर लाल एसटी काढली, ६० बाय ६० चौकोनांत, आणि लुधियानाच्या एका जॉबवर्कवाल्याला पाठवली, त्याच्याकडे कॉम्प्युटराइज्ड फ्लॅट मशीन आहे, स्वेटर विणायचं. सॅम्पल आलं तर चाकांची पार भजी झालीयत, गाडीवर हत्ती बसल्यासारखी. वर आतून सगळे दोरे लोंबतायत, पोराची बोटं अडकणार. तो म्हणतो फाइल आली तशी टाकली. स्क्रीनवर तर चाकं गोल दिसतात! चूक कुणाची?

सुलटउलट:
ताई रागावू नका, फाइलच चुकलीय. पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचा एक ठिपका, चौरस असतो, विणीचा टाका तसा नसतो, तो रुंद आणि बुटका असतो. समजा १० सेंमीत २८ टाके आणि ४० ओळी बसतात, तर तुमचे ६० टाके झाले साधारण २१.४ सेंमी आणि ६० ओळी फक्त १५. उंचीही २१.४ हवी तर ८६ ओळी लागतील. पण हे आकडे माझे, तुमच्या लोकरीचे वेगळे असणार. आधी त्याच लोकरीचा, त्याच विणीचा तुकडा मागवा, धुवा, एक दिवस पडू द्या, मगच मोजा. मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजलं की फसलात.

बारागेज:
वरचं बरोबर आहे, फक्त ओळी वाढवायला चित्र उभं ताणताना सॉफ्टवेअरला कडा गुळगुळीत करू देऊ नका नाहीतर लाल आणि पांढऱ्याच्या मधे दहा गुलाबी छटा येतात आणि मशीनच्या हिशोबाने प्रत्येक छटा म्हणजे वेगळा धागा. ताणून झालं की चाकं हाताने नीट करा, तेवढा अर्धा तास घालवाच.
दोऱ्यांचं म्हणाल तर त्याने सिंगल बेडवर, म्हणजे सुयांच्या एकाच रांगेवर, फ्लोट सोडलेत, जो रंग वापरात नाही तो मागून लोंबत जातो. डबल बेड जॅकार्ड सांगा, म्हणजे सुयांच्या दोन रांगांवरची रंगीत नक्षी, मागे बर्ड्सआय, म्हणजे मागच्या सुयाही ते रंग आलटून पालटून विणतात, लोंबणारं काही राहत नाही. स्वेटर जाड होतो आणि माप परत बदलतं, म्हणून तुकडाही जॅकार्डचाच. इंटार्शियात, म्हणजे रंगाचा प्रत्येक भाग स्वतःच्या धाग्याने वेगळा विणतात त्यात, फ्लोट नसतात पण प्रत्येक भागाला वेगळा कॅरियर, म्हणजे धागा नेणारा भाग, लागतो, दोन चाकं म्हणजे दोन कॅरियर, लहान मुलाच्या एका स्वेटरसाठी कोण एवढं करणार.
आणि खरं सांगू का, त्या माणसाने फोन करायला हवा होता. मी पाच वर्षं प्रोग्रामिंग केलंय, शिमा सेकी या जपानी मशीन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधे रंग म्हणजे नुसता रंग नसतो, हुकूम असतो, एक नंबर म्हणजे पुढच्या सुईवर विण, दुसरा म्हणजे मागच्या. फाइल टाकली की स्वेटर बाहेर असं नसतं, मधे माणूस बसतो. त्याचं काम त्याने केलं नाही.

लेस्टरकर:
माझ्याकडे घरी जुनं ब्रदर केएच-९३० विणकाम मशीन आहे, २०० सुया, अर्डुइनो हे छोटं सर्किट बोर्ड लावून अयाब या सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरवरून चालवतो. ओळीत दोनच रंग. विणताना आपल्याकडे उलटी बाजू असते, हे विसरलो आणि पाटीवरचं 'पुणे' आरशातलं आलं. एसटीवर पाटी असेल तर आत्ताच बघा.

लोकरवेडी:
पाटी आहे!! 'सातारा'. तुकडा आला, २६ टाके ३६ ओळी, म्हणजे ८३ ओळी ना? नवीन फाइल रात्री टाकते, चाकं बघा जरा.