ईपीएबीएक्स : एसटीडी बंद असलेल्या एक्स्टेंशनवरून मोबाईल लावण्याची मुभा कशी द्यावी?

नमस्कार. आमच्या पतसंस्थेच्या सांगलीतील मुख्य कार्यालयात जुने ईपीएबीएक्स (कार्यालयातील फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारे यंत्र) असून त्यावर बाहेरच्या २ लाइन आणि १६ एक्स्टेंशन (आतले फोन) आहेत. ते बसवून देणाऱ्यांनी हा व्यवसाय सोडल्यामुळे प्रोग्रॅमिंगचे काम माझ्याकडे आले आहे. पुस्तिका हाताशी आहे, पहिल्या एक्स्टेंशनवरून पासवर्ड देऊन प्रोग्रॅमिंगमध्ये जाता येते आणि प्रत्येक बदलानंतर मान्यतेचा बीपही ऐकू येतो, म्हणजे यंत्रात बिघाड नाही.

व्यवस्थापक आणि वसुली विभाग सोडून बाकीची सर्व एक्स्टेंशन स्थानिक कॉलच्या वर्गात आहेत आणि त्या वर्गाच्या बंदीच्या तक्त्यात, म्हणजे ज्या आकड्यांनी सुरू होणारे क्रमांक लावता येत नाहीत त्यांच्या यादीत, ‘०’ ही एकच नोंद आहे. पूर्वी तेवढी पुरत असे. मात्र १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले आणि एसटीडीसाठी (परगावच्या लँडलाइनला लावायच्या कॉलसाठी) घातलेल्या बंदीत मोबाईलही अडकले. काउंटरवरील कर्मचारी शून्य दाबून बाहेरची लाइन घेतात, डायल टोन येतो, पण मोबाईलसाठी पुन्हा शून्य दाबताच एंगेज टोन सुरू होतो. इतके दिवस ऑपरेटर फोन जोडून देत असत. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी नेमणूक होणार नाही, त्यामुळे आता हे टाळता येण्यासारखे नाही.

नऊने सुरू होणारा एसटीडी कोड नसल्यामुळे ‘०९’ला परवानगी देणे सोपे आहे. परंतु मोबाईल क्रमांक ६, ७ आणि ८ या आकड्यांनीही सुरू होतात; ‘०७’ मोकळे केले की नागपूरचा ०७१२ आणि ‘०८’ मोकळे केले की गोव्याचा ०८३२ व बेंगळुरूचा ०८० हेही मोकळे होतात. एकूण आकडे मोजूनही भेद करता येत नाही, कारण शून्य धरून दोन्हीकडे ११ आकडेच भरतात. तक्त्यात नोंदीही मोजक्याच बसतात. यातून मार्ग कसा काढावा?

जाता जाता आणखी एक शंका : कर्ज विभागाला २११, २१२ असे नवे क्रमांक दिल्यापासून रोखपालांचा जुना २१ लावल्यावर घंटा वाजायला काही सेकंद लागतात. हे कशामुळे होत असावे?

प्रतिसाद :

आपली शंका आधी निकालात काढतो. २१ दाबल्यावर पुढे आणखी आकडा येणार आहे की नाही, याची यंत्र वाट पाहते, म्हणून उशीर होतो. रोखपालांनाही तीन आकडी क्रमांक द्यावा. थांबण्याचा अवधी कमी करू नये, कारण मग सावकाश क्रमांक दाबणाऱ्यांचा फोन २११ऐवजी २१लाच लागेल.

मोबाईलच्या बाबतीत, एसटीडी बंद ठेवण्याची गरज उरली आहे का, हे आपल्या लाइनच्या प्लॅनमध्ये पाहावे. देशभरातील कॉल अमर्याद असतील, तर या बंदीने पैसे वाचत नाहीत, कर्मचाऱ्यांची अडवणूक मात्र होते. भुर्दंड बसतो तो आयएसडीचा, म्हणजे ‘००’ने सुरू होणाऱ्या परदेशी कॉलचा. म्हणून तक्त्यातील ‘०’ काढून तेथे ‘००’ लिहावे. तक्ता बाहेरची लाइन मिळाल्यानंतरचे आकडे तपासतो, हे आपल्याच वर्णनावरून दिसते, त्यामुळे लाइन घेण्याचा शून्य त्यात धरू नये. त्यानंतर काउंटरवरील फोनवरून एक मोबाईल लावून पाहावा आणि लगेच लाइन घेऊन दोनदा शून्य दाबावा. दुसऱ्या शून्याला एंगेज टोन आला पाहिजे.

प्लॅन मर्यादित असेल, तर नेहमी लागणारे मोबाईल क्रमांक यंत्राच्या मेमरीत भरून ठेवावेत. अनेक यंत्रांत मेमरीतून लावलेल्या क्रमांकाला वर्गाची बंदी लागू होत नाही. आपल्याकडे तसे आहे का, हे एका क्रमांकावर तपासून मगच बाकीचे भरावेत. आणि काहीही बदलण्यापूर्वी सध्याच्या सर्व नोंदी वहीत उतरवून घ्याव्यात, कारण रीसेट करण्याची वेळ आली तर जुने प्रोग्रॅमिंग परत मिळणार नाही.