नव्या लॅपटॉपबरोबर गळ्यात मारलेल्या अँटीव्हायरसचे पैसे परत मिळतील का?

हळदपेठ: मंडळी, मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. रविवारी पोरीसाठी लॅपटॉप घेतला. ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिला उबंटूच (विंडोजच्या जागी टाकायची फुकट प्रणाली) पाहिजे. बोलणं झालं ४६,००० ला. घरी येऊन बिल बघतोय तर लॅपटॉप ४४,८०० आणि खाली बारीक अक्षरात अँटीव्हायरस १,२००. मागितलं कुणी? दुकानदार म्हणतो, "ते सेटमध्येच येतंय, साहेब." अँटीव्हायरसच्या कार्डावरची, कोड झाकणारी चंदेरी पट्टी अजून खरवडलेली नाही. विंडोजही पुसणारच आहोत, तर त्याचे पैसे मागता येतात का? गोची एवढीच, की दुकानातल्या पोरानं "चालू करून दाखवतो" म्हणत सगळीकडं स्वतःच 'मान्य' दाबलं. आम्ही आपले समोर चहा पीत बसलेलो.

मिरजकर: दोन्ही भानगडी वेगळ्या धरा. अँटीव्हायरसची बिलात स्वतंत्र ओळ आहे, म्हणजे ती वेगळी विक्री झाली. पट्टी शाबूत आहे तोवर जावा. तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाहीच ऐकलं तर १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

कृष्णाकाठ: विंडोजचं अवघड आहे. परवान्यात लिहिलंय, अटी मान्य नसतील तर वापरू नका, परतीसाठी लॅपटॉप बनवणाऱ्याला विचारा. पण त्याचं धोरण 'अख्खा लॅपटॉपच परत करा' असंही असू शकतं. त्यात तुमच्याकडून 'मान्य' दाबून झालंय. इटलीत एक गडी विंडोजच्या ४२ युरोंसाठी कोर्टात गेला आणि २०२० मध्ये वर २०,००० युरो भरपाई घेऊन आला. आपण त्या नादाला लागू नये, पोरीची परीक्षा जाईल.

बुधगावचा बंड्या: पुढच्या वेळी डॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला लॅपटॉप मागा. फक्त "विंडोज फुकटात टाकून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका.

हळदपेठ: आज गेलो. अर्जाचा कागद काढला तसा मालक गल्ल्याकडं वळला. १,२०० रोख दिले, कार्ड घेतलं आणि बिलावरची ती ओळ पेनानं खोडली. विंडोजचं सोडून दिलं.

मिरजकर: पेनानं? जीएसटीचं बिल आहे ते. क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याचा रीतसर कागद मागा. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे मी सांगायचं का?

हळदपेठ: खरंय. उद्या दुपारी परत जातो.