अनुभव धागा: सावरताना पहिलं काय केलंत?

माणूस गेला की दिवस घालेपर्यंत घर भरलेलं असतं. पूर आला की महिनाभर गाड्या येतात. पुढं मात्र तो माणूस कसा उठला, हे कुणी विचारत नाही, आणि मला तेच ऐकायचंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, कुठूनही लिहा. पहिलं काम कुठलं केलंत, सोबत कोण होतं, पैशाचं कसं जमवलंत, एवढं आलं तरी पुरे.

माझं सासर खानापूर तालुक्यात. नवरा अचानक गेला आणि मी अंगणापलीकडं जायचं सोडलं. पावसाळ्यात शेजारच्या काकी दारात आल्या. "रताळ्याचे वेल लावायला बायका कमी पडल्यात. चल गे, किती दिस अशी बसतीस?" मजुरीला जाणं सासऱ्यांना रुचलं नाही, तरी गेले. वरंब्यावर वाकून वेल खोचताना बायका भाव, लग्नं, भांडणं असलंच बोलत होत्या. माझ्याकडं कीव करून कुणी बघितलं नाही, त्याचं मला फार बरं वाटलं. पुढं जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं तिकीट लागेना. भाडं वाचलं म्हणून बेळगावच्या शहापुरातलं शिवणकाम परवडलं. आता रोज जाते.

दूधगंगेकाठ, चिकोडी तालुका
ऑगस्ट २०१९. म्हशी सोडून उंचावर नेल्या आणि आम्ही शाळेतल्या काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्यात. परत आलो तर मातीची भिंत बसलेली, ऊस कुजलेला, घरात गुडघाभर गाळ. कोल्हापूरकडचे पाहुणे स्वतःच पाण्यात, त्यांना काय बोलावणार? रायबागकडचे वडिलांचे बाजारातले ओळखीचे कन्नड शेतकरी टेम्पो घेऊन आले. कडक भाकरीची पोती, शेंगाचटणी आणि चार फावडी. वडील म्हणाले, आधी गोठा. घर राहू दे. गोठा धुतला, म्हशी बांधल्या, दूध डेरीला जायला लागलं आणि घरात रोख पैसा दिसला. पूर्ण पडलेल्या घराला सरकारनं ५ लाख जाहीर केले होते, ते बांधकाम पुढं सरकेल तसे हप्त्यानं. तोवरचा संसार त्या दुधावर चालला. माझ्या मते वडिलांचा तो एक निर्णय आम्हाला तारून गेला.

वडगाव, बेळगाव
यंत्रमाग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबले. साड्या पडून, सुताचं देणं डोक्यावर. दोन माग विकले, एक ठेवला. उद्यमबागेत फाउंड्रीत लागलो. रात्री तो एक माग चालवतो. बस, एवढंच.

बेळगाव शहर, तरुण मुलगा
आमच्याकडं कुणाला वेड्यात काढायचं झालं की "ह्याला धारवाडला न्या" म्हणतात. त्यामुळं दुकान बुडल्यावर झोप उडाली, जेवण सुटलं, जगू नये वाटायला लागलं, तरी मी गप्प बसलो. ताईला कळलं. तिनं कुणाला न सांगता पहाटेची बस धरली आणि मला धारवाडच्या डिमहान्समध्ये, म्हणजे तिथल्या मनाच्या आजारांच्या सरकारी इस्पितळात नेलं. बाहेरच्या बाकावर शेतकरी, मास्तरीण, कॉलेजची पोरं, सगळे आपल्यासारखेच. डॉक्टर कन्नडमधून विचारत होते, मला अडलं तिथं ताई सांगत होती. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मधेच बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. सुरुवातीला नुसती गुंगी यायची आणि वाटायचं, काही उपयोग नाही. ताई रोज रात्री गोळी हातावर ठेवायची आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची. मग एके दिवशी मी आपणहून जेवायला मागितलं. आई देवघरात जाऊन रडली. आज मी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब बघतो. ज्यांना लाज वाटते त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय: धारवाडला जा.

निपाणी
मी तंबाखूच्या वखारीत जन्म काढला. तरणा पोरगा गेला. नात हे लिहून देतीय. तुम्ही सगळी उठलो म्हणताय, चांगलं हाय. मी काय उठले न्हाई. पण नातीची शाळा होती, डबा करावा लागायचा, म्हणून चूल पेटत गेली. दुःख हाय तिथंच हाय. दहावी झाली तिची, आता कॉलेजला जाते.

आजी, तुम्ही लिहिलंत म्हणून जीव भरून आला. दुःख तसंच ठेवूनही चूल पेटते, हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

धारवाड लांब पडत असेल किंवा रात्री-अपरात्री मन हाताबाहेर जात असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीतूनही बोलता येतं. घरातल्या फोनमध्ये आजच साठवून ठेवा.

अथणी-हुक्केरीकडून अजून कुणी आलं नाही. अथणीत एका वर्षी कृष्णेचा पूर, एका वर्षी कोरड्या विहिरी, दोन्ही सोसलेली घरं आहेत. जनावरं कशी जगवलीत, पोरांची फी कशी भरलीत, ते लिहा. लिहिता येत नसेल त्यांचं घरातल्या पोरांनी लिहून द्या, निपाणीच्या नातीसारखं.