'कोलायडल सिलिकॉन डायऑक्साइड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका गोळीच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. घटकांच्या यादीत वरचं नाव आलंय. सिलिकॉन डायऑक्साइड म्हणजे सिलिका, आणि कोशात सिलिका म्हणजे वाळू, गारगोटी. तसं छापलं तर पेशंट गोळी थुंकूनच टाकेल! 'शिला'वरून काही जुळवता येईल?

– शिला नको, लोकांना शिलाजीत आठवेल. मूळ शब्द लॅटिन 'सिलेक्स', म्हणजे गारगोटीच. पण वाळू-गारगोटीतली सिलिका स्फटिकी असते. तिची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या पाटीपेन्सिलीच्या कारखान्यांतल्या कामगारांनी तो भोगलाय. गोळीतली सिलिका अस्फटिकी. सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीत सोडून करतात. फुंकरीनं उडेल इतकी हलकी, एका ग्रॅमचं पृष्ठफळ साधारण 200 चौरस मीटर! तेव्हा 'वाळू' हा शब्द नुसता भीतिदायक नाही, चूकही आहे.

– आमच्या गोळ्यांच्या प्लँटवर हिला सगळे 'एरोसिल' म्हणतात. ते खरं तर ब्रँडचं नाव, पण झेरॉक्ससारखं रुळलंय. मिश्रणात जेमतेम अर्धा-एक टक्का घालतो. पावडर हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या नरसाळ्यात, अडत नाही, डाय (गोळीचे साचे) एकसारख्या भरतात, गोळ्यांचं वजन हलत नाही.

– मग सरळ 'वंगण' लिहा की.

– नको हो. वंगण म्हणजे मॅग्नेशियम स्टिअरेट, गोळी डायला आणि पंचला (वरून-खालून दाबणाऱ्या दांड्यांना) चिकटू नये म्हणून घालतात ते. एरोसिल ग्लायडंट. पावडरच्या कणांना एकमेकांवरून घसरायला मदत करतं. दोन्हींना एकच शब्द दिलात तर यादीच निरर्थक.

– थोडं अवांतर. औषधातली सिलिका आपल्याला नवी नाही. सितोपलादि चूर्णातलं वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात साठणारी सिलिकाच. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ जेम्स स्मिथसननं 1791 मध्ये लंडनमध्ये त्याचं पृथक्करण करून ते दाखवलं. संस्कृतात त्याला त्वक्क्षीरी म्हणतात, त्यावरून आपली तवकीर. गंमत म्हणजे आज तवकीर मागितली तर कंदाचं पीठ मिळतं! चूर्णातही वंशलोचनाऐवजी ते सर्रास घालतात. म्हणून 'तवकीर' हा शब्द सुंदर असला तरी इथे कामाचा नाही.

प्रश्नकर्ती : ठरलं. नाव तसंच देवनागरीत ठेवते आणि पुढे 'पावडर मोकळी राहण्यासाठी' एवढं लिहिते. आता बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुडीवर काय लिहू? 'जेल' वाचून कुणी मलम समजेल.

– 'ओल टिपणारी पुडी. खाऊ नये.' नाव हवंच कशाला?